मोहखेड स्टेशनचं पाणी

आमच्या मोहखेडच्या स्टेशनला इतिहास आहे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. नोकरीत होतो तोवर त्याला नुसतं छप्पर होतं, तेही गळकं. वरचे कवेलू माकडं उचलून नेत आणि आम्ही वर कळवत असू. वरून उत्तर यायचं की माकडांचा बंदोबस्त स्थानिक पातळीवर करावा. स्थानिक पातळीवर मी एकटाच होतो.

मी यवतमाळहून दारव्ह्यावरून पुढे मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या छोट्या लाईनीचा गार्ड. छोटी म्हणजे रूळ एवढे जवळजवळ की म्हैस आडवी उभी राहिली तर दोन्ही बाजूंनी उरायची. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला, "काका, रेल्वेतले थरारक अनुभव लिहा." मी म्हटलं, "बापू, आमच्या गाडीत थरार नव्हता, तिला तेवढा वेगच नव्हता." तर ते म्हणाले, मग स्टेशनचा इतिहास लिहा, सध्या त्याला मागणी आहे. ही मागणी कशी आली आणि आल्यावर तिनं काय केलं, तेच सांगतो.

आधी आमचं काम समजून घ्या. गार्ड म्हटलं की लोकांना पांढरा ड्रेस, शिट्टी आणि रुबाब दिसतो. आमच्याकडे शेवटच्या वर्षांत माणसं कमी करत आणली आणि स्टेशनं बिनमास्तरची झाली. मोहखेडला गाडी लागली की मी मागच्या डब्यातून उतरायचो, कुलूप काढून खिडकीत बसायचो आणि तिकिटं द्यायचो. मग बाहेर येऊन तीच तिकिटं तपासायचो. एखाद्या म्हातारीचं गठुडं चढवून द्यायचो, खिडकीला कुलूप लावायचो, डब्यात जाऊन हिरवी झेंडी दाखवायचो. प्रवाशाला माझ्याविरुद्ध तक्रार करायची असली तर ती ऐकून घेणाराही मीच. मी फार सहानुभूतीनं ऐकायचो आणि चौकशीत स्वतःला निर्दोष सोडायचो.

फाटकांचंही तेच. फाटकवाला म्हणून वेगळा माणूस नव्हता. रस्ता आला की गाडी अलीकडे उभी राहायची, इंजिनातला पोऱ्या उतरून फाटक लावायचा, गाडी हळूच पलीकडे जाऊन थांबायची. मग मी मागून उतरून फाटक उघडायचो आणि परत चढून झेंडी दाखवायचो. चालत्या गाडीतून उतरून, लघवी करून, पळत पुढच्या डब्यात चढता येतं असा एक विनोद आमच्या गाडीबद्दल सगळीकडे सांगतात. हा विनोद खोटा आहे. पळायची गरज नव्हती.

एकदा दारव्हा रोडच्या फाटकावर बाजाराच्या दिवशी एक जीपवाला भिडला. जीपमध्ये माणसं कोंबलेली, टपावर कोंबड्या. मी फाटक उघडायला उतरलो तर हा तोंड सोडून बसलेला. "काहून थांबवलं आमाले? तुमची गाडी त सायकलीच्या मांगं राह्यते!" माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी म्हटलं, "लेका, तुह्या जीपले तरी कोणता घोडा जुपला हाय?" मग त्यानं माझ्या लाईनीचा उद्धार केला, मी त्याच्या जीपचा केला, टपावरच्या कोंबड्यांनीही भाग घेतला. तेवढ्यात मागं वळून पाहतो तर गाडी नाही.

झालं असं, की शेवटच्या डब्यात एका बाईनं धुतलेलं हिरवं लुगडं वाळायला खिडकीबाहेर धरलं होतं. आमच्या गाडीत ते सर्रास चालायचं, वारा नसला तरी ऊन मुबलक मिळायचं. ड्रायव्हर रहीमभाई फार सज्जन माणूस, पण लांबचं त्यांना जरा अंधुक दिसायचं. त्यांनी मागं पाहिलं, हिरवं फडफडताना दिसलं आणि गाडी सोडली. आता माझ्यापुढे एकच वाहन उरलं होतं, ज्याचा मी नुकताच उद्धार केला होता ते. जीपवाला मोठ्या मनाचा निघाला. म्हणाला, "बसा साहेब. पण टपावर बसा, कोंबड्याईजोळ."

तिकडे मोहखेडला गाडी बिनगार्डची पोचली. खिडकी बंद, तिकीट द्यायला कोणी नाही. लोक म्हणाले, आज फुकट, आणि आनंदानं चढले. रहीमभाईंना वाटलं मी डब्यात आहे, त्यांनी शिट्टी दिली. गार्डाशिवाय गाडी तशीच यवतमाळच्या फलाटात शिरली असती तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली होती. घरी दोन पोरी शाळेत होत्या आणि मला झेंडी दाखवण्यापलीकडे काही येत नव्हतं.

गाडी अडवली ती सुशीलाबाईंनी. या बाई आमच्या स्टेशनवर कडुनिंबाखाली रांजण भरून प्रवाशांना पाणी पाजत. पगार नाही, नेमणूक नाही, कुणी सांगितलेलंही नाही. मी रोज उतरलो की पहिला गिलास त्यांच्या हातून घ्यायचो आणि मगच खिडकी उघडायचो. त्या दिवशी मी उतरलो नाही एवढं त्यांनी पाहिलं, घागर उचलली आणि इंजिनापुढे रुळावर ठेवून शेजारी बसल्या. रहीमभाई ओरडले, "अरे बाई, हटो, लेट हो रहा है!" गाडी रोजच लेट असायची, पण असं म्हणायची पद्धत होती. सुशीलाबाई म्हणाल्या, "गार्डभाऊ पाणी प्याले उतरले नाई. पह्यले ते कुठी हाय ते पाहा. मंग मी उठतो."

मी टपावरून उतरलो तेव्हा अंगावर पिसं होती. सगळी गाडी हसत होती. सुशीलाबाईंनी पाण्याचा गिलास पुढे केला आणि घागर घेऊन कडुनिंबाखाली गेल्या. आभार मानायला मला जमलं नाही, आमच्याकडे ती रीत नाही. पण माझ्या दोन्ही पोरी शिकल्या त्या त्या बाईमुळे, हे मी बायकोला त्या दिवशीच सांगितलं.

आता त्या रांजणाचं सांगतो. तो मांडला सुशीलाबाईंच्या सासूनं, राधाबाईंनी. मी नोकरीला नवा असताना त्या हयात होत्या, त्यांच्याच तोंडून ऐकलं. आधी या स्टेशनवर दोन माठ असायचे. एकावर पाटी हिंदू पाणी, दुसऱ्यावर मुसलमान पाणी. ज्यांना दोन्हीकडे मज्जाव होता, त्यांनी फलाटाच्या टोकाशी खाली नालीत उतरायचं, ओंजळ धरून उभं राहायचं आणि पाणक्याच्या मनात येईल तेव्हा तो वरून धार सोडायचा. राधाबाईंचा नवरा तसाच प्यायचा, तोही याच स्टेशनवर कापसाच्या गाठी चढवून पाठ मोडून घेतल्यावर. पुढे दोघं नवराबायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर त्यांनी बैलगाडीतून एक रांजण आणला आणि भर फलाटावर कडुनिंबाखाली बसवला.

तेव्हाच्या मास्तरनं विचारलं, कोणाच्या परवानगीनं? राधाबाई म्हणाल्या, "तहान कोनाच्या परवानगीनं लागते, मास्तर?" मास्तरनं वर कळवलं. वरून उत्तर आलं नाही, म्हणून रांजण राहिला. रेल्वेच्या दिरंगाईनं कुणाचं भलं झाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण. सुरुवातीला त्यांच्याच वस्तीतले लोक प्यायचे. मग एका उन्हाळ्यात स्टेशनची विहीर आटली, माठ पालथे पडले आणि लग्नसराईची भरलेली गाडी येऊन उभी राहिली. राधाबाई म्हणायच्या, त्या दिवशी सगळे पेले, टोपीवाले, टिळेवाले, बुरखेवाल्या, सगळे. कुणाचाही धर्म बुडाला नाही. निदान डब्याची झाडझूड करताना कुणाला सापडला तरी नाही. त्यानंतर माठ परत कोणी भरलेच नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमची गाडी दुरुस्तीसाठी बंद झाली. दुरुस्ती व्हायची आहे. रुळांतून आधी गवत आलं, मग बोरी, मग बाभळी. खिडकीच्या आत गावातली कुत्री व्यायला लागली. सुशीलाबाई मात्र सकाळी हापशीवरून घागरी आणून रांजण भरतच राहिल्या. मी गंमतीनं विचारलं, "बाई, गाडी येत नाही, कोणासाठी भरून राह्यल्या?" तर म्हणाल्या, "सोयाबीन सोंगणाऱ्या बाया येतेत. बकऱ्यावाले येतेत. तुमी बी त येता." मी निवृत्त झाल्यावरही रोज चक्कर मारत होतो, ते त्यांनी बरोबर धरलं होतं.

आणि मग इतिहास आला. पांढऱ्या मोटारीतून आला. वारसा समितीचे सचिव अविनाशसर, यवतमाळच्या कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक, बरोबर कॅमेरा घेतलेली मंडळी. सर स्टेशनसमोर उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "अस्सल व्हिक्टोरियाकालीन!" मी म्हटलं, "सर, राणी मेल्यावर लाईन टाकली असं जुने लोक सांगायचे." सर म्हणाले, "काका, शैली व्हिक्टोरियन आहे." आता राणीला मेल्यावरही शैली असू शकते, मी काय बोलणार?

ठरलं असं, की स्टेशन मूळ स्वरूपात आणायचं. कवेलू नवे, लाकडी झालर नवी, फलाटावर एक जुना डबा आणून उभा करायचा, आत चहाचं दुकान, बाहेर प्रवेश तिकीट. गाडी होती तेव्हा फलाटाला तिकीट लावलं असतं तर लोकांनी मला रुळाला बांधलं असतं. मला त्यांनी उद्घाटनाला गार्डच्या पोशाखात बोलावलं, कारण लाईनीवरचा चालता-फिरता गार्ड मीच उरलोय. रहीमभाई गेले. मी फुगलो, खोटं कशाला सांगू? सरांना सगळं स्टेशन फिरून दाखवलं. कुठे गाठी ठेवत, कुठे साहेब उतरे, आणि सांगता सांगता दोन माठांच्या पाट्यांचंही सांगितलं. सरांचे डोळे चमकले. "वा! त्या पाट्या हव्यातच!"

पुढच्या खेपेला ते इनॅमलच्या दोन निळ्या पाट्या करवून घेऊन आले आणि भिंतीला टांगल्या. खाली दोन रिकामे माठ. मग कडुनिंबाकडे बोट करून म्हणाले, "तेवढा तो रांजण हलवावा लागेल. विसंगत दिसतो. आणि त्या आजींचं बसणं म्हणजे, कायद्यानं पाहिलं तर, अतिक्रमण होतं."

सुशीलाबाई शांतपणे पाट्या वाचत होत्या. सावकाश वाचतात, पण वाचतात. मग विचारलं, "सर, एक हिंदूचं, एक मुसलमानाचं. आन आमचं कुठी?"

"अहो आजी, हे फक्त वातावरणनिर्मितीसाठी आहे. माठात पाणी नाहीच आहे."

"तेव्हा बी आमाले नव्हतंच," बाई म्हणाल्या.

सर हसले, पाठीवर थाप मारल्यासारखे. मागच्या बाजूला पाण्याचं थंड मशीन बसवणार आहोत, आजींनाही तिथे प्यायला मिळेल, म्हणाले. सर गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "गार्डभाऊ, तुमी सांगा ना त्याइले. तुमचं ऐकतेत ते. माह्या सासूनं बसवलेला रांजण हाय. गाडीनं नाई हलवला, आता इतिहासानं हलवा का?"

मी गेलो यवतमाळला, सरांच्या घरी. चहा, बिस्किटं, सोफा. मी म्हटलं, या स्टेशनवर इतिहास म्हणावा असा तो रांजणच आहे, बाकी कापसाच्या गाठी आहेत. सर म्हणाले, भावना समजते, पण आराखडा मंजूर झालाय. मी म्हटलं, रांजण हलवला तर मी पोशाख घालणार नाही. सर म्हणाले, "काका, तुमची इच्छा. नाट्यविभागाचा एक विद्यार्थी तयार ठेवलाय आम्ही. मिशा लावल्या की तो अगदी तुमच्यासारखा दिसतो." घ्या! जन्मभर गार्ड होतो आणि माझ्या जागेवर मिशा लावलेला पर्यायी गार्ड सापडला. एसटीनं परत येताना मला इतका राग आला की कंडक्टरशी उगीच भांडलो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मजुरांनी रांजण उपटला आणि कुंपणाबाहेर उकिरड्याशेजारी नेऊन ठेवला. मी रात्रभर ठरवत राहिलो की जाऊ नये, आणि सकाळी पोशाख घालून गेलो. मिशावाल्या पोराला माझी झेंडी मिळू द्यायची नव्हती.

मांडव घातला होता. जिल्ह्याचे मोठे साहेब यायचे होते म्हणून ते उशिरा आले, आणि ऊन तोवर डोक्यावर चढलं. सगळ्यांच्या आधी येऊन कडुनिंबाखाली, जिथून रांजण उपटला होता त्या खड्ड्याच्या काठावर, सुशीलाबाई दोन घागरी आणि गिलास घेऊन बसल्या होत्या. कोणी हटकलं नाही. लोकांना वाटलं, देखाव्यातच आहे. शहरातल्या बाया शेजारी वाकून फोटो काढत होत्या. "किती खरी वाटते ना!" एक जण म्हणाली. सुशीलाबाई खऱ्याच होत्या, त्यामुळे त्यांना ते सहज जमत होतं. साहेबांनीही सचिवांचं कौतुक केलं, "हे छान केलंत, जिवंत पात्र बसवलंत." आणि सरांनी, खरं सांगतो, मान झुकवून ते कौतुक घेतलं.

मग मला माईकवर बोलावलं. गार्डकाका मूळ स्वरूपातल्या स्टेशनच्या आठवणी सांगतील, असं. माझं डोकं तापलं होतंच. मी म्हटलं, "सांगत नाही, दाखवतो." आणि मंचावरून उतरून, सगळ्यांच्या देखत, फलाटाच्या टोकाशी गेलो आणि खाली नालीत उतरलो. गुडघे वाजले. पांढऱ्या पँटीला चिखल लागला. पाणक्या नव्हता, म्हणून ओंजळ धरून हाक मारली, "सुशीलाबाई, पाजा पाणी. वरून. पाह्यू द्या या लोकाइले मूळ स्वरूप काय असते ते!"

मला वाटलं, आता लाज वाटेल यांना. आणि टाळ्या सुरू झाल्या. जोरदार. सर माईक हातात घेऊन नालीच्या काठाशी आले आणि म्हणाले, "वा! जिवंत इतिहास, मंडळी! हा प्रवेश आपण दर रविवारी ठेवू!"

मी नालीत ओंजळ धरून तसाच उभा. वर पाहिलं तर सुशीलाबाई घागर कमरेवर घेऊन काठावर आल्या होत्या. पण पाणी ओतेनात.

"गार्डभाऊ, वरते या."

"बाई, मी त्याइले दाखवून राह्यलो, तुमच्या सासऱ्याले कसं..."

"कायचं दाखवता? माह्या सासऱ्यानं लय वर्स तसं पेलं. रात्री घरी येऊन कोनाशी बोलत नोता, सासू सांगे. ते का टाळ्या वाजवाची गोष्ट हाय?" आवाज चढला नव्हता, पण माईक जवळ होता आणि तो सुरू होता. "आमच्या रांजणावर कोनाले नालीतून पाजलं नाई आजपावेतो. तुमालेच कायले पाजू? या वरते. गिलासानं प्या."

टाळ्या थांबल्या. मी वर चढलो, एका पोलिसानं हात दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या सासऱ्याचं दुःख मी माझ्या रागासाठी वापरलं होतं आणि वरून त्याचा तमाशाही झाला. बाईंनी गिलास भरून दिला. मी प्यालो. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं, त्यांच्याही ओठांवर पापुद्रे आले होते, थंड मशीनला अजून वीज जोडलेली नव्हती. "या साहेब, तुमी बी प्या. घाई नका करू, सगळ्याइले पुरते. लाईन लावा." आणि पाहा, साहेब उठले, त्यांच्यामागे समिती, त्यांच्यामागे फोटोवाल्या बाया, सगळे कडुनिंबाखाली रांगेत उभे राहिले. सरांची पाळी आली तेव्हा बाईंनी गिलास भरला, हातात दिला आणि ते पित असतानाच विचारलं, "सर, त्या पाट्या तुमी काढता का मी काढू?"

साहेब शेजारीच उभे होते. सरांनी स्वतः खुर्ची मागवली, तिच्यावर चढले आणि पाट्या काढल्या. कॅमेरेवाला धावत आला. काढून झाल्यावर त्यांनी एक पाटी परत वर धरून दाखवली, कारण पहिला फोटो हलला होता.

दोन दिवसांत रांजण कडुनिंबाखाली परत बसला. मजुरांनी उपटताना त्याच्या काठाचा टवका काढला आहे, पण गळत नाही. मला मात्र दर रविवारचं निमंत्रण नाही, ते बरंच झालं.

पेपरात बातमी आली. विषमतेच्या खुणा पुसण्याचा समितीचा धाडसी निर्णय, सचिवांनी स्वहस्ते पाट्या उतरवल्या, सर्वांसाठी एक पाणवठा ही समितीची अभिनव कल्पना. फोटोत सर, खुर्ची, पाटी आणि कोपऱ्यात माझी चिखलाची पँट. सुशीलाबाईंचं नाव कुठे नव्हतं, राधाबाईंचं तर नव्हतंच. मी तो पेपर घेऊन तणतणत स्टेशनवर गेलो आणि कडुनिंबाखाली उभं राहून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. प्रत्येक ओळीला एक शिवी घालत. त्या रांजणात घागर रिकामी करत होत्या. पूर्ण ऐकून घेतलं, दुसरी घागर उचलली आणि हापशीकडे निघाल्या.

"येऊ द्या ना त्याइचं नाव," म्हणाल्या. "पाणी त मलेच भरा लागते."